साडेसात सेंट

माझे वडील कापडाच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. त्यामुळे लक्ष्मी आमच्या घरात फारशी नसली तरी वडिलांच्या हाताखालून रोज जात असे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते आम्हां भावंडांना पेढीवर घेऊन जात. पांढरी स्वच्छ गादी, तिच्यावर पाट आणि पाटावर लाल कापडी बांधणीच्या कोऱ्या वह्या. श्रीकार काढून झाला की वहीला कुंकू वाहण्याचा मान माझा, कारण तिथे जमणाऱ्या मुलांत मी एकटीच मुलगी. एका वर्षी कुंकू वाहून झाल्यावर मी शेजारची जुनी वही उघडली. मालक हसले, वही माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "बाळ, हिची पूजा करायची. हिच्यात बघायचं नसतं."

मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. लाह्याबत्तासे मिळाले, विषय संपला.

इतक्या वर्षांनी ती मिटलेली वही आठवायला कारण झाला एक अमेरिकन बोलपट, तोही १९५७ सालचा. संपादकांचा निरोप आला होता की, या सदरातले शब्दांचे आणि म्हणींचे दळण दिवाळीपुरते बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी वाचावे असे काहीतरी गाण्याबजावण्याचे लिहा. कॉलेजला गणपतीची सुट्टी होती, बाहेर पाऊस कोसळत होता. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्यासाठी एक जुना पिक्चर शोधून ठेवलाय. पायजम्यांचा आहे." आमच्या सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लावा की. पायजम्यात वाईट काय असणार?" आणि आमचे हे, ज्यांना इंग्रजी गाणी म्हणजे घशाचा विकार वाटतो, तेही वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत बसले.

चित्रपटाचे नाव 'द पजामा गेम' आणि नायिका डोरिस डे. हिचा आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांना मी एवढेच सांगेन की, शब्द न् शब्द कळतो. गाणारी बाई आपल्याला काही सांगते आहे, नुसता गळा दाखवत नाही, हे इंग्रजी अर्धेमुर्धे समजणाऱ्या सासूबाईंनाही उमगले. संगीत नाटकाच्या मुलुखातली माणसे आपण. पद कशासाठी आले हे आपल्याला पटले पाहिजे, नाहीतर आपण चुळबुळ करू लागतो. इथे चुळबुळ झाली नाही.

गोष्ट अशी. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावात पायजमे शिवण्याचा कारखाना आहे. बाया रांगेने शिलाईयंत्रांवर बसल्या आहेत आणि हाइन्स नावाचा एक गृहस्थ हातात घड्याळ घेऊन, कोण किती वेळात किती शिवते, हे मोजत हिंडतो आहे. कामगारांचे मागणे आहे ताशी साडेसात सेंट पगारवाढीचे. मालक हॅस्लर उद्यावर ढकलतो आहे. अशात सिड सोरोकिन नावाचा नवा देखणा सुपरिंटेंडेंट कामावर येतो, एका आळशी मदतनिसाला ढकलल्याची त्याच्यावर तक्रार होते आणि चौकशीला येते युनियनच्या तक्रार समितीची प्रमुख बेब विल्यम्स. (आपल्याकडे जशी घरटी एक बेबीमावशी असते तशी ही बेब, पण हिच्यासमोर कोणाची हूं की चूं करायची टाप नाही.) पुढे काय होणार हे सासूबाईंनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकले. प्रेम बसणारच होते. प्रश्न होता तो असा की, एक मालकाच्या बाजूचा आणि एक कामगारांच्या, आता या प्रेमाचे करायचे काय?

इथपर्यंत हलकाफुलका विनोदी मामला आहे. कारखान्याची वार्षिक सहल निघते आणि उघड्या मैदानात सगळा कारखाना असा काही नाचतो की, पाहणाऱ्यालाच धाप लागावी. हे नाच बसवले होते बॉब फॉसी या तरुणाने. १९५४ साली हे नाटक ब्रॉडवेवर आले तेव्हा तिथे त्याने बसवलेले ते पहिलेच नृत्य. युनियनच्या सभेत काळे कोट आणि गोल टोप्या घातलेली तीन माणसे वाफेच्या शेगडीसारखी फुसफुसत नाचतात, ते एकदा पाहिले की विसरता येत नाही. सभेत करमणुकीचा कार्यक्रम ठेवण्याची ही चाल आमच्या कॉलेजच्या सभांनी उचलली तर मी कोरम भरायला आनंदाने जाईन.

आणखी एक जागा सांगायलाच हवी. सिड एकटाच कचेरीत बसला आहे. पत्र सांगायच्या ध्वनिमुद्रणयंत्रात तो स्वतःलाच समजावणारे एक गाणे गातो आणि मग यंत्र उलटे फिरवून स्वतःच्याच आवाजाला उत्तरे देत, टोमणे मारत, शेवटी त्याच्याबरोबर गातो. आपल्या नाटकातले स्वगत एखाद्याने यंत्रात भरावे, तसे. जॉन रेट हा रंगभूमीवरचा गायक नट. त्याला चित्रपटात एवढी मोठी भूमिका पुन्हा मिळाली नाही. या गाण्यात तो का गाजला होता ते कळते. पुढे तेच गाणे डोरिस डे एकटी गाते, तेव्हा आमच्या खोलीत वर्तमानपत्राची सळसळ थांबलेली मी ऐकली.

कारण मधल्या वेळात घडू नये ते घडलेले असते. कामगार मुद्दाम संथ काम करू लागतात. सिड दम देतो. आणि बेब सरळ यंत्रच बिघडवते; काम ठप्प. सिड तिला तिथल्या तिथे नोकरीवरून काढतो. तो सुपरिंटेंडेंट आहे, त्याचे काम तो करतो. ती समितीची प्रमुख आहे, तिचे काम तिने केलेले असते. कोणी कोणाची क्षमा मागत नाही. हलक्याफुलक्या संगीत बोलपटात नायिकेने प्रेमासाठी पगारवाढ सोडून द्यायची, ही आपली अपेक्षा. ही बाई सोडत नाही. साडेसात सेंट म्हणजे साडेसात सेंट.

हा सगळा कारखाना हवेतून आलेला नाही, बरे का. रिचर्ड बिसेल नावाच्या लेखकाच्या घरचाच आयोवातल्या ड्युब्यूक गावी कपड्यांचा कारखाना होता आणि तो स्वतः तिथे देखरेखीला होता. त्याआधी त्याने मिसिसिपी नदीवर बोटी चालवल्या होत्या. १९५३ साली त्याने 'साडेसात सेंट' याच नावाची कादंबरी लिहिली, तिचे पुढल्या वर्षी नाटक झाले. आणि ते नाटक होताना काय काय गमती झाल्या यावर त्याने १९५७ साली आणखी एक कादंबरी लिहिली. पुढे तिचेही नाटक झाले! एका पायजम्यातून इतके कापड काढणारा लेखक आमच्या पाठ्यपुस्तकांत मला तरी आढळलेला नाही. गाणी रिचर्ड ॲडलर आणि जेरी रॉस या जोडीची. त्यांतला रॉस १९५५ साली वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. हा बोलपट त्याला दिसला नाही.

आता त्या साडेसात सेंटांच्या गाण्याकडे येते, कारण माझे खरे कौतुक त्यालाच आहे. संप होऊ घातलेला, सभा भरलेली, आणि नायिका गाण्यातून चक्क हिशेब मांडते. ताशी साडेसात सेंट, आठवड्याचे चाळीस तास, वर सव्वादोन तास ओव्हरटाइम, तो दीडपट दराने. पाच वर्षांचे झाले ८५२ डॉलर आणि ७४ सेंट. एवढ्यात काय काय येईल? धुण्याचे यंत्र येईल, गालिचा येईल, टीव्ही येईल. मग दहा वर्षांचा हिशेब, मग वीस वर्षांचा. विरह, वात्सल्य, वीर, हे सगळे रस मी वर्गात शिकवते. त्रैराशिकाचा रस असतो हे मला ठाऊक नव्हते.

आमच्या मुलीने लगेच कागद ओढला. चाळीस तासांचे तीन डॉलर, ओव्हरटाइमचे पंचवीस सेंट आणि वर चिमूटभर. बावन्न आठवडे, पाच वर्षे. तिचे उत्तर आले ८४५ डॉलर आणि ८१ सेंट. "आई, गाणं सात डॉलरनी चुकलंय!" दोन वेळा करून पाहिले, तेच. यमकासाठी कवी आकड्यांशीही खेळतात, एवढेच मी म्हणाले. पण मला त्या चुकीपेक्षा दुसरीच गंमत वाटली. एका तासाला साडेसात सेंट म्हणजे काहीच नाही. म्हणूनच मालक म्हणू शकतो की, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला भांडता? आणि पाच वर्षे एका ओळीत मांडली की ते एवढेसे उरत नाही. न देणारा नेहमी तासाचा आकडा सांगतो. घेणाऱ्याने वर्षांचा मांडायचा असतो.

मालकाजवळ एक वही आहे. ती कुलपात असते आणि चावी असते ग्लॅडिस नावाच्या सेक्रेटरीजवळ. सिड तिला एका अंधाऱ्या हॉटेलात घेऊन जातो, काड्या पेटवून लोक एकमेकांची तोंडे पाहतात, गाणे फार झकास आहे, ग्लॅडिसला चढते आणि चावी सिडच्या हाती येते. वही उघडल्यावर दिसते ते असे की, मालकाने साडेसात सेंट मालाच्या खर्चात कधीच धरले आहेत. गिऱ्हाइकाकडून ते वसूल होत आहेत, फक्त कामगारांपर्यंत पोचत नाहीत. मधल्या मधे मालकाच्या खिशात जिरतात. मग काय, मालकाची बोलती बंद, पगारवाढ मंजूर, सिड आणि बेब एक.

"आणि आधी खाल्लेले?" सासूबाईंनी वात हातात तशीच धरून विचारले. "ते परत केले का त्याने?"

"आजी, संपला पिक्चर. गाणं ऐक."

"गाणं ऐकते गं. पण हिशेब अर्धाच झाला."

माझीही एक तक्रार आहे. आकडे मांडले बेबने, नोकरी गेली बेबची, आणि वही मात्र उघडली सिडने, तीही दुसऱ्या बाईला दारू पाजून. ती चावी बेबच्या हाती लागली असती तर मला जास्त बरे वाटले असते. पण १९५७ साली एवढे झाले हेच पुष्कळ, असे म्हणून मी गप्प बसले. आणि मग रात्री, सवयीप्रमाणे, डोरिस डेची माहिती वाचत बसले. तिथे माझी झोप उडाली.

जन्माची ही डोरिस मेरी ॲन कॅपेलहॉफ, सिनसिनाटीची. तिला व्हायचे होते नर्तकी. १९३७ साली ती बसलेल्या मोटारीला आगगाडीने धडक दिली, उजवा पाय मोडला, आणि अंथरुणात पडल्या पडल्या रेडिओबरोबर गाता गाता तिला आपला गळा सापडला. वाद्यवृंदाच्या चालकाने तिचे लांबलचक आडनाव छाटून 'डे' केले, तेही ती गात असलेल्या एका गाण्यावरून. १९४५ साली लेस ब्राउनच्या वाद्यवृंदाबरोबर तिची तबकडी देशभर गाजली. १९४८ साली पहिला बोलपट. त्या बोलपटात हिच्याहून मोठ्या नावाची नटी होती जॅनिस पेज. आणि योगायोग पाहा, पुढे रंगभूमीवर बेबची भूमिका गाजवली ती याच जॅनिस पेजने. चित्रपट काढताना रंगभूमीवरची बहुतेक मंडळी तशीच घेतली, पण पडद्यावर एक तरी मोठे नाव हवे म्हणून जॅनिस पेजला वगळून डोरिस डेला घेतले. साडेसात सेंटांचा न्याय मागणाऱ्या बोलपटातच हे झाले. पेजबाई पुढे १०१ वर्षे जगल्या, २०२४ साली गेल्या. डोरिस डे २०१९ साली १३ मे रोजी गेली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन. ते नाटक ब्रॉडवेवर उघडले ती तारीखही १३ मेच. असल्या गोष्टींना अर्थ नसतो, पण मला त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झोप उडाली ती याने नव्हे. डोरिस डेचे तिसरे यजमान मार्टिन मेल्चर. १९५१ साली, तिच्या वाढदिवसालाच त्यांचे लग्न झाले. तिचे सगळे व्यवहार तेच पाहत. बोलपट त्यांनी ठरवायचे, करार त्यांनी करायचे, पैसे त्यांनी गुंतवायचे. सोबतीला एक वकील. हिने गायचे, अभिनय करायचा आणि सह्या करायच्या. एका काळी अमेरिकेत तिकीटविक्रीत पहिला क्रमांक असलेली ही बाई. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेल्चर वारले आणि वही उघडली. तेलाच्या विहिरी, हॉटेले, असल्या गुंतवणुकींत वीस वर्षांची कमाई गेलेली, उलट डोक्यावर कर्ज. शिवाय एका दूरदर्शन मालिकेत काम करण्याचा तिच्या नावाने झालेला करार, ज्याची तिला कल्पनाच नव्हती. नवऱ्याचे दुःख करायचे की नवऱ्यावर रागवायचे? तिने दोन्ही बाजूला ठेवून कामावर जायला सुरुवात केली. ती मालिका १९७३ पर्यंत, पाच वर्षे चालली. वकिलावर खटला भरला आणि १९७४ साली न्यायालयाने तिला सुमारे २ कोटी २८ लाख डॉलर द्यायला सांगितले. प्रत्यक्ष हातात त्याहून पुष्कळच कमी आले. नवऱ्याने फसवले असे तिने म्हटले नाही. त्यांनी चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला, एवढेच ती म्हणत राहिली.

मालिकेचे शीर्षकगीत होते 'के सेरा सेरा'. हे तिचे सर्वांत प्रसिद्ध गाणे. तुमच्या मुलांनी स्नेहसंमेलनात म्हटलेही असेल. जे व्हायचे ते होईल, उद्याचे कोणाला दिसते, असा त्याचा भाव. हिचकॉकच्या १९५६ च्या बोलपटातले ते. तिला स्वतःला ते आधी फारसे आवडले नव्हते. लहान मुलांचे गाणे वाटले. १९५७ साली त्याला ऑस्कर मिळाले, आणि त्याच साली ती 'द पजामा गेम'मध्ये पाच वर्षांचे, दहा वर्षांचे, वीस वर्षांचे हिशेब मांडत होती. एकच गळा, एकच साल. जगाने उचलले ते पहिले गाणे. मला राहून राहून वाटते की, सेटवर दिवसभर सेंटासेंटाचा हिशेब गाऊन ती संध्याकाळी घरी जात असेल, तेव्हा टेबलावर सहीचे कागद ठेवलेले असतील.

हे वाटायला कारण आहे. वाचकहो, मी चोवीस वर्षे नोकरी करते आहे. दरवर्षी जुलैमध्ये आमचे हे माझ्यापुढे काही कागद ठेवतात. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली मारलेली असते. मी फुलीवर सही करते. ज्ञानेश्वरीतली ओवी शब्द शब्द सोडवून सांगणारी मी, त्या कागदांतली एक ओळ कधी वाचलेली नाही. हे हिशेबाला पक्के, माणूस सरळ. मग वाचायचे कशाला? मेल्चरही सरळ नव्हते असे कोण म्हणते?

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर मी म्हणाले, "अहो, ते सहीचे कागद असतात ना, ते मला एकदा बघायचेत. सगळे."

ह्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिले. "का गं? काही कमी पडलं का?"

या प्रश्नाचे काय उत्तर द्यावे हे मला सुचेना. काही कमी पडले नव्हते. चोवीस वर्षांत मला मागावे लागले नव्हते आणि तेच तर सांगणे अवघड होते. ह्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले ते राग नव्हता. राग असता तर सोपे झाले असते. मुलगी खाली मान घालून ताटे उचलू लागली.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "अरे, तुझ्या वडिलांची पेन्शन किती होती ठाऊक आहे तुला? मला ते गेल्यावर कळली. पोस्टातल्या बाईनं सांगितली. त्या बाईला आधीपासून ठाऊक होती, मला नव्हती."

खोलीत कोणी काही बोलले नाही. मग हे उठले. कपाटाची चावी देवघराच्या खणात होती, हे मला त्या रात्री कळले. तीन फायली निघाल्या, वर पिवळी पडलेली एक वही. तिच्यात ह्यांचे बारीक, सुवाच्य अक्षर. पहिल्या पानावर श्रीकार होता. मुलीने पेन्सिलीला टोक काढले. ह्यांचा आवाज सुरुवातीला जरा कोरडा होता, मग घराच्या कर्जाच्या हप्त्यांशी आला तेव्हा त्यांचे त्यांनाच हसू आले. एक हप्ता दोनदा भरला होता म्हणे, आणि ते त्यांनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते.

साडेअकराला आम्ही २०११ सालापर्यंत पोचलो होतो. मी म्हणाले, आता उरलेले उद्या. सासूबाईंनी वातींचा डबा मिटला, चष्मा पदराला पुसून परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "उद्या कशाला? वाच पुढं. मोठ्यानं वाच."